लुआनकाकूंवरची बंदी

आमच्या चर्चच्या वडीलसभेत, म्हणजे कारभार बघणाऱ्या ‘वडिलां’च्या सभेत, एखादं काम अंगावर घ्यायचं असेल तर काही करावं लागत नाही, गप्प बसलं की पुरतं. कुणीतरी ठराव मांडतं, कुणीतरी अनुमोदन देतं, मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि ज्याने खाली बघितलं असेल त्याचं नाव लिहिलं जातं. मी कायम खालीच बघतो. मंडळीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते असं. “स्या मास्तर चिनी शाळेत निबंध शिकवायचे, त्यांना जमेल,” असं तेओसाहेब म्हणाले. मी अंकगणित शिकवायचो. पण ते सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

कांगकार सेंग गावातली आमची, तिओच्यू बोली बोलणाऱ्या चिनी लोकांची, प्रेसबिटेरियन मंडळी सुरू झाली ती नदीकाठच्या मिरीच्या गोदामात. चिनी किनाऱ्यावरच्या स्वातौहून बोटीने आलेल्या उपदेशकाला दुसरी जागा मिळाली नव्हती. पोत्यांमधून मिरीची पूड उडायची आणि प्रार्थना निम्म्यावर आली की सगळे शिंकायला लागायचे. ‘पहिल्या वर्षी तारण झालेल्यांपेक्षा सर्दी झालेले अधिक होते’, असं एक वाक्य मी लिहिलं होतं. आयुष्यातलं माझं ते एकच बरं वाक्य. तेओसाहेबांनी ते लाल शाईने खोडलं. तेव्हापासून पहिलं प्रकरण मी इतक्या वेळा पुन्हा लिहिलं की शताब्दीचा रविवार तोंडावर आला तरी माझा उपदेशक अजून बोटीतून उतरलेला नव्हता.

जुन्या सभांच्या वह्या महापुरात वाहून गेल्या होत्या, त्यामुळे त्या बाजूनेही मदत नव्हती. “म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या,” असं तेओसाहेब मला दर रविवारी बजावत. ते बँकेत मॅनेजर होते आणि आता सभेचे चिटणीस आहेत. मी स्वतः त्यांच्याहून म्हातारा आहे. पण मला कुणी काही विचारायला आलं नाही, आणि आलं असतं तर मला काही आठवलंही नसतं. मी या गावात बदलीवर उशिरा आलो.

म्हणून एका दुपारी लुआनकाकूंकडे गेलो. क्वेक स्योक लुआन हे त्यांचं पूर्ण नाव, पण उपासना घेणाऱ्या पाळकांपासून पोरांपर्यंत सगळे काकूच म्हणतात. बाजारपेठेत त्यांचं किराण्याचं दुकान होतं. ते बंद होऊन जमाना झाला, तरी फळ्यांची दारं आणि आतली कपाटं तशीच आहेत आणि त्यांच्यामागे काकू राहतात. मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या.

“काकू, पन्नासाव्या वर्षाचं जेवण झालं होतं ना, त्याचा स्वयंपाक कुणी केला होता?” मी वही उघडून विचारलं.

“बायकांनी. चुलीपाशी माझी जाऊ होती. बदकं करपवली तिने सगळी.”

“हे... लिहू का?”

“लिहा खुशाल. ती वारली आता.”

मी लिहिलं. पुढचा प्रश्न काय होता ते विसरलो, म्हणून करपलेल्या बदकांखाली रेघ ओढत बसलो. शेवटी काकूंनीच विचारलं, “शंभराव्याला प्रभुभोजन आहे का हो?”

“आहे ना. मुख्य तेच आहे.”

“म्हणजे मी नेहमीसारखी मागच्या बाकावर.”

आता मला सांगायला हवं की प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे सगळे प्रभूच्या आठवणीत घास-घोट घेतात तेव्हा, भाकरीची आणि द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांची थाळी मागच्या बाकांवर नेण्याचं काम माझं आहे. एका टोकाला थाळी द्यायची, ती हातोहात दुसऱ्या टोकाला जाते, तिथून परत घ्यायची. काकू शेवटच्या बाकाच्या टोकाला बसत. दरवेळी त्या थाळी दोन्ही हातांनी घेत, त्यातलं काही न उचलता शेजारणीकडे देत. मंडळीत त्याची कारणं तयार होती. कुणी म्हणे म्हातारीला ताठा आहे, कुणी म्हणे जुनं भांडण आहे. मला वाटायचं त्यांना मधुमेह असेल. मंडळीचा इतिहासकार मी, आणि माझं संशोधन हे असं.

“काकू,” मी वहीकडे बघत म्हटलं, “तुम्ही घेत का नाही?”

“घेत नाही म्हणजे? मला बंदी आहे.”

“कुणाची?”

“सभेची! आणखी कुणाची असणार?” त्यांनी भाजीचा देठ मोडला. “आम्ही दुकानात उदबत्त्या विकायचो. मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी नोटाही. गावात धंदा करायचा तर ते ठेवावं लागतं. हेंग वडील आणि आणखी एक जण घरी आले. म्हणाले, स्योक लुआन, विश्वासणारीने हे विकायचं नाही. माल बंद कर, आम्ही येऊन पाहणी करू, मग सभा निर्णय देईल. तोवर प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही.”

“मग?”

“मग काय, बंद केला. त्याच आठवड्यात. निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. हे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. आणि मी वाट बघत बसले.”

“कशाची?”

“पाहणीची, मास्तर! हेंग वडिलांना झटका आला, ते अंथरुणाला खिळले. दुसरा मुलीकडे पेनांगला गेला. पाळकांची सिंगापूरला बदली झाली. नवीन आले त्यांना वाटलं असेल, कुणीतरी जाऊन आलं. कुणी आलंच नाही.”

ही गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते शोधायला वाकलो तेव्हा जरा बरं वाटलं, कारण त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

“पण काकू, तुम्ही कुणाला आठवण का नाही करून दिलीत?”

“मी? मी का करू? दोषी मी होते. दोषी माणसाने जाऊन सांगायचं का, या, मला माफ करा, उशीर होतोय?”

“मग आता मी सांगतो ना. मी वडील आहे. शंभराव्याला घ्या तुम्ही.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही एकटे? एकटा वडील म्हणजे काय असतो? बंदी सभेने घातली, सभेनेच उठवायची. आणि हे बघा, मी बोलले म्हणून तुम्ही काही करू नका. मागून घेतलेलं मला नको.” मग भाजीची टोपली उचलून आत जाता जाता म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतो हृदयाची झडप गळतेय. गळू दे. पण एकदा घेऊन गेले असते तर बरं वाटलं असतं.”

मी भित्रा माणूस आहे, त्यामुळे सभेकडे न जाता आधी एकट्या पाळकांना गाठलं. गोह पाळक तरुण आहेत, मनाने चांगले आहेत आणि गाडी जोरात चालवतात. माझं ऐकून ते लगेच निघाले. “काकूंना सांगतो, प्रभूचं मेज सगळ्यांना खुलं आहे. झालं!” असं म्हणून गेले आणि तासाभराने बिस्किटांचा डबा घेऊन परत आले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पाळकसाहेब, तुम्ही गोड पोरगा आहात, पण तुम्ही सभा नाही.” त्यांनी डबा टेबलावर ठेवला. “मास्तर, तुम्हीच ठराव मांडा.”

“मी?”

“चौकशी तुम्ही केलीत.”

इतक्या वर्षांत मी सभेत ‘उपस्थित’ याच्यापलीकडे शब्द बोललो नव्हतो. दोन दिवस मी आरशासमोर भाषणाची तालीम केली. सभेच्या दिवशी उभा राहिलो. आमच्याकडे बोलायला कुणी उभं राहत नाही. सगळ्यांना वाटलं मी लघवीला चाललोय. बी ह्वाने खुर्ची सरकवून मला वाट करून दिली. ही आमच्या मंडळीतली पहिली बाई वडील, गावात तिचं केकचं दुकान आहे. मी परत खाली बसलो आणि पाठ केलेलं सगळं विसरून काकूंची हकीकत जशी ऐकली तशी सांगून टाकली. त्या स्वतः काही मागत नाहीत, हेही सांगितलं.

तेओसाहेबांनी चष्मा पुसला.

“नोंद कुठे आहे?”

“वह्या पुरात गेल्या ना,” मी म्हटलं.

“म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे बंदी नाही. जी बंदी नाही ती उठवणार कशी? तसा ठराव नियमात बसत नाही.”

“अहो तेओसाहेब,” बी ह्वा म्हणाली, “ती बाई चाळीस वर्षं उपाशी बसलीय तुमच्या नियमासाठी!”

“मी नियम सांगतोय. मी बसवलं नाही तिला.”

“बंदी नव्हतीच, असं कळवलं तर?” पाळक म्हणाले.

“कळवा,” बी ह्वा म्हणाली. “म्हणजे काकूंनी आयुष्यभर शिक्षा भोगली ती उगाचच, असं सांगा त्यांना. मी येत नाही तुमच्याबरोबर. त्या हातातली विळी फेकून मारतील.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं, पण या वेळी त्याचा उपयोग नव्हता, ठराव माझाच होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “मग... आधी बंदी घालू या का?”

बी ह्वा मोठ्याने हसली. मीही हसायच्या बेतात होतो, म्हणजे विनोद केला असं दाखवून सुटता आलं असतं. पण तेओसाहेब हसले नाहीत.

“पुन्हा सांगा.”

“नाही, म्हणजे... बंदी घातली होती अशी नोंद आत्ता करायची. आणि मग ती उठवायची. पाठोपाठ.”

“पुरावा?”

“त्यांची स्वतःची साक्ष.”

“स्वतःविरुद्ध साक्ष,” बी ह्वा म्हणाली. “तुमच्या बँकेत कधी कुणी दिली होती का हो अशी?”

तेओसाहेबांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. सभेतला एखादा गुंता सुटायला लागला की त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज येतं. देवाच्या कृपेविषयीच्या प्रवचनात ते मी कधी पाहिलेलं नाही. “गहाळ नोंद पुन्हा प्रस्थापित करणे,” ते पुटपुटत लिहू लागले. “हे चालतं. कलम एक, बंदी. कलम दोन, अट, माल बंद करणे. कलम तीन, अटीची पूर्तता झाली की नाही याची पाहणी.” ते थांबले. “पाहणी झालेली नाही.”

“दुकान बंद होऊन जमाना लोटला!” पाळक म्हणाले.

“ते आपण ऐकून आहोत. सभेने पाहिलेलं नाही. समिती नेमावी लागेल. एक मी जातो. दुसरं कोण?”

मी सवयीने खाली बघितलं.

शताब्दीला आठवडा उरला होता. शनिवारी सकाळी आम्ही दोघे काळ्या पँटी आणि पांढरे शर्ट घालून काकूंच्या दारात उभे राहिलो. निरोप आधी दिला होता. फळ्यांची सगळी दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आत एकूण एक कपाट उघडं, एकूण एक खण बाहेर ओढलेला, फळ्या ओल्या फडक्याने पुसलेल्या. काकू रविवारचा निळा झगा घालून गल्ल्याच्या जागी उभ्या होत्या.

“या. उशीर केलात,” त्या म्हणाल्या.

तेओसाहेब वाकून एकेक खण तपासायला लागले आणि मी त्यांच्यामागून तोच खण पुन्हा तपासायला लागलो, कारण समितीतल्या दुसऱ्या माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. एका खणात सुतळ्या होत्या, एकात फुटके मोजमापाचे डबे. खालच्या कोपऱ्यातल्या खणात तेओसाहेबांचा हात थबकला. त्यांनी एक हिरवी, गोल गुंडाळी बाहेर काढली.

“हे काय?”

“डासांची आहे,” काकू म्हणाल्या.

“ही जळते.”

“डासांसाठी जळते, तेओसाहेब. पूर्वजांसाठी नाही.”

“विकता?”

“लावते. रात्री. तुम्ही या कधी रात्री नदीकाठी झोपायला, म्हणजे कळेल.”

तेओसाहेबांनी ती गुंडाळी नाकाशी नेली, मला हुंगायला दिली, मी शिंकलो. मग त्यांनी ती जपून होती तिथे ठेवली आणि सरळ उभे राहून म्हणाले, “समितीला आक्षेपार्ह माल आढळला नाही. बुधवारी सभा आहे. निर्णय कळवण्यात येईल.”

काकू जागच्या हलल्या नाहीत. “कोण येणार कळवायला?”

“मी येईन.”

“तुम्हाला काही झालं तर?”

तेओसाहेब चमकले. “मास्तर येतील.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. “आणि यांना काही झालं तर?”

“बी ह्वा येईल.”

“ती तरुण आहे,” काकू म्हणाल्या. “चालेल.” मग कॉफी आणायला आत गेल्या. बराच वेळ लागला त्यांना. आतून कपबशांचा आवाज येत नव्हता, काहीच आवाज येत नव्हता. तेओसाहेब रिकाम्या फळ्यांकडे बघत उभे होते. “मास्तर,” ते हळूच म्हणाले, “हेंग वडील माझे मामा होते हो.” मी बाहेर ओढलेला एक खण हळूच आत ढकलला.

बुधवारी ठराव एकमताने मंजूर झाला. लुआनकाकूंवर बंदी घालायला आणि उठवायला मिळून चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तेओसाहेबांनी जाऊन कळवायचं ठरलं होतं, पण बी ह्वा म्हणाली, “सगळेच जाऊ या. एवढ्या सगळ्यांना एकदम काही होणार नाही.” म्हणून पाळकांसकट अख्खी सभा एका ओळीत बाजारपेठेतून निघाली. समोरचा दुकानदार बाहेर आला आणि त्याने मला विचारलं, “कोण गेलं?” ओट्यावर उभं राहून तेओसाहेबांनी तिन्ही कलमं आणि चौथं बंदी उठवण्याचं, अशी सगळी वाचली. काकूंनी ती उभ्यानेच ऐकली. शेवटी “बरं” म्हणाल्या आणि विचारलं, “रविवारी उपासना किती वाजता?” जसं काही त्या इतकी वर्षं आलेल्याच नव्हत्या.

शताब्दीच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मी थाळी घेऊन मागे गेलो. शेवटच्या बाकाच्या टोकाला काकू नव्हत्या. गळकी झडप आठवली. मग पुढे नजर गेली. तिसऱ्या बाकावर, बंदीच्या आधी त्या जिथे बसायच्या तिथे, निळा झगा दिसला. ती जागा क्वालालंपूरहून आलेल्या मुख्य पाहुण्यांसाठी राखली होती. त्यांना काकूंनी उठवलं होतं. “ही माझी जागा आहे, मी जरा बाहेर गेले होते,” असं म्हणाल्या म्हणे. पाहुणे सरकत सरकत मागे येऊन शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले होते.

पुढच्या बाकांची थाळी तेओसाहेबांकडे होती. ते तिसऱ्या बाकाशी पोहोचले ते मी पाहिलं. मंडळीच्या इतिहासात माझा हात लागलेली ही एकमेव घटना. ती नीट बघायची आणि एका परिच्छेदात लिहायची असं मी ठरवलं होतं. तिकडे बघता बघताच मी पाहुण्यांकडे थाळी केली. त्यांनी एका हाताने एक पेला उचलला, थाळी धरली नाही, आणि उरलेले सगळे पेले त्यांच्या पांढऱ्या रेशमी शर्टावर आडवे झाले.

गुडघ्यावर बसून मी त्यांचा शर्ट माझ्या रुमालाने पुसत राहिलो. जांभळा डाग पसरतच गेला. पाहुणे “असू दे, असू दे” म्हणत होते, पण तसं वाटत नव्हतं. मी मान वर केली तेव्हा पुढे तेओसाहेब रिकामी थाळी घेऊन परत फिरलेले होते आणि गीत सुरू झालं होतं.

काय झालं ते मी नंतर प्रत्येकाला विचारत फिरलो. पाळक म्हणाले, काकू रडल्या. बी ह्वा म्हणाली, रडल्या-बिडल्या काही नाही, तेओसाहेब रडले. तेओसाहेब म्हणाले, सर्व काही नियमाप्रमाणे पार पडलं, आणि नाक शिंकरायला गेले.

शेवटी मी वही घेऊन काकूंपाशीच गेलो. अंगणात मांडवाखाली त्या बदकाचं मटण खात बसल्या होत्या.

“सांडलं का हो मास्तर?” त्यांनी विचारलं. “मला वाटलंच. तुमचे हात फार थरथरतात. मी दोन्ही हातांनी धरायचे ना थाळी, म्हणून इतकी वर्षं निभावलं.”

हे मला माहीत नव्हतं. मी आपला सांभाळून देतोय असंच समजत होतो.

“काकू, मला पुढचं काही दिसलं नाही,” मी कबूल केलं. “इतिहासात लिहायचं आहे. काय लिहू?”

त्यांनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं आणि बोटं पुसली.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “घेतलं.”